चळतीवरील वस्तू : आपोआप ओळख की स्पष्ट निवेदन?

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा यंत्रसामग्रीशी प्रत्यक्ष व्यवहार करतो, त्यास कर्नेल असे म्हणतात. साध्या आज्ञावलीत चूक झाली, तर बहुधा ती एकटी आज्ञावली बंद पडते. कर्नेलमध्ये चूक झाली, तर त्याच्या आधारे चालणारे सर्वच व्यवहार कोसळण्याचा संभव असतो. म्हणून कर्नेल लिहिणारांनी स्वतःच्याच लेखनावर पहारा ठेवणारी काही साधने निर्माण केली आहेत. लिनक्स या कर्नेलमधील अशा एका साधनाच्या अनुषंगाने, दिसण्यात लहान परंतु तत्त्वतः महत्त्वाचा असा एक प्रश्न उपस्थित होतो. जी गोष्ट यंत्रास स्वतः ओळखता येते, ती आज्ञावलीकाराने पुन्हा लिहून का द्यावी, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्मृतीत वस्तू ठेवण्याच्या दोन रीती येथे ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिल्या रीतीत आज्ञावली सामाईक साठ्यातून स्मृतीचा एक तुकडा मागून घेते व काम संपल्यावर तो रीतसर परत करते. या साठ्यास हीप म्हणतात. दुसऱ्या रीतीत वस्तू स्टॅकवर, म्हणजे चळतीवर, ठेवली जाते. एखादे फंक्शन सुरू झाले की चळतीवर त्याच्यासाठी जागा होते, आणि ते संपले की ती जागा मोकळी होते. त्या वेळी चळतीचा निर्देशक मागे सरकतो, याहून अधिक काहीही घडत नाही. ही चळत फार मोठी नसते. एक्स-८६ वर्गाच्या ६४ बिटी यंत्रांवर ती ८ किलोबाइटची होती. २०१४ साली, लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीत, ती १६ किलोबाइटची करण्यात आली. तरीही चळतीवरील जागा तत्काळ मिळत असल्याने अल्पकाळ लागणाऱ्या वस्तू तेथे ठेवणे सोयीचे पडते.

उदाहरणार्थ, ठराविक काळ झोपी जाऊ इच्छिणाऱ्या कार्यासाठी कर्नेलमध्ये ‘शेड्यूल-टाइमआउट’ नावाचे फंक्शन आहे. जागे करणारा टायमर हे फंक्शन आपल्याच चळतीवर ठेवते, कार्यास झोपू देते आणि परतण्यापूर्वी तो टायमर काढून घेते. आता समजा, दुसऱ्या एखाद्या फंक्शनने असाच टायमर लावला व तो न काढताच ते परतले. टायमरांच्या यादीत जुना पत्ता तसाच राहतो. त्या पत्त्यावर मात्र भलत्याच फंक्शनची सामग्री येऊन बसते. वेळ भरताच कर्नेल त्या सामग्रीस टायमर समजून वागू लागते. परिणामी बिघाड दिसतो तो सर्वस्वी निर्दोष अशा ठिकाणी, आणि मूळ अपराधी केव्हाच निघून गेलेला असतो.

अशा चुका पकडण्यासाठी थॉमस ग्लाइक्स्नर यांनी रचलेले ‘डीबग-ऑब्जेक्ट्स’ हे साधन २००८ साली लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीत समाविष्ट झाले. ते टायमरसारख्या वस्तूंची त्यांच्या पत्त्यानुसार नोंदवही ठेवते : वस्तू सिद्ध झाली, कार्यरत झाली, थांबली, नष्ट झाली. हीपवरील तुकडा परत केला जातो त्या क्षणी नोंदवही चाळली जाते. त्या तुकड्यात एखादी वस्तू अद्याप कार्यरत असेल, तर इशारा मिळतो. नसेल, तर तिची नोंद खोडली जाते.

चळतीवरील वस्तूंसाठी मात्र या साधनाने वेगळी शिस्त घातली आहे. टायमर चळतीवर असेल, तर तो सिद्ध करताना ‘टायमर-सेटअप-ऑन-स्टॅक’ या स्वतंत्र नावाने सिद्ध करावयाचा आणि परतण्यापूर्वी ‘डिस्ट्रॉय’च्या स्वतंत्र आवाहनाने त्याची नोंद मिटवावयाची. यावर सहज आक्षेप येतो. चालू कार्याची चळत कोठे सुरू होते व किती लांब आहे, हे कर्नेलला ठाऊक असते. वस्तूचा पत्ता त्या मर्यादेत पडतो की नाही, हे दोन तुलनांत कळते, आणि तशी तपासणी करणारे फंक्शन कर्नेलमध्ये आहेही. मग हा द्विरुक्तीचा भार कशासाठी?

येथे धर्मशाळेचा दाखला उपयोगी पडेल. खोलीच्या क्रमांकावरून आतील इसम प्रवासी आहे, हे व्यवस्थापकास कळते. पण तो न सांगता निघून गेला, तर ते कळत नाही. वहीत त्याचेच नाव राहते, आणि पुढच्या प्रवाशाचा हिशेब त्याच्या नावे चढतो. चळतीचे असेच आहे. पत्त्यावरून वस्तूचा निवास कळतो, प्रस्थान कळत नाही. कारण हीपप्रमाणे जागा परत करण्याचा विधीच येथे नाही. म्हणून नोंद मिटविण्याचे स्पष्ट आवाहन हाच असा एकमेव क्षण आहे, की ज्या वेळी ‘हा टायमर अजून चालू आहे’ हे साधनास पाहता येते. आरंभीची ओळख आपोआप झाली, तरी अखेरचे निवेदन टळत नाही. आणि आरंभी ज्यास सांगण्याची गरज पडली नाही, तो अखेरीस सांगण्यास विसरण्याचा संभव अधिक.

दुसरे कारण असे की, ही तपासणी केवळ चालू कार्याच्या चळतीपुरती असते. दुसऱ्या कार्याच्या चळतीवरील वस्तू तीस ओळखता येत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणेही निराधार नाही. एखादे साहाय्यक फंक्शन दुसऱ्याने दिलेली वस्तू सिद्ध करते, तेव्हा ती कोठे आहे हे त्यास ठाऊक नसते. मग प्रत्येक स्तरावर नावांची जोडी निर्माण करावी लागते. शिवाय मनुष्य चुकतो. ज्याने चळतीवर वस्तू ठेवली, तो विशेष नाव वापरण्यास विसरू शकतो.

या विसरण्यावरच लिनक्सने योजलेला उपाय मार्मिक आहे. साधन आज्ञावलीकाराचे निवेदन घेते, स्वतः पत्ताही तपासते, आणि दोहोंची तुलना करते. वस्तू चळतीवर असून तसे सांगितले नसेल, अथवा सांगितले असून ती तेथे नसेल, तर दोन्ही प्रसंगी इशारा दिला जातो. यंत्राची ओळख निवेदनाची जागा घेत नाही. ती त्याची साक्ष काढते. तपासणीची सोय बंद ठेवून कर्नेल बांधले, तर ‘डिस्ट्रॉय’चे आवाहन रिकामे ठरते व त्याचा कोणताही भार पडत नाही.

२००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आलेल्या ‘लॉकडेप’ या कुलूप-परीक्षकानेही हाच धडा दिला होता. स्थिर स्मृतीतील कुलपाचा पत्ता हीच त्याची ओळख ठरू शकते. चळतीवरील पत्ता क्षणिक असल्याने ती ओळख होऊ शकत नाही. म्हणून तेथेही चळतीवरील वस्तूंसाठी निराळ्या घोषणा कराव्या लागल्या.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण निश्चित आहे. वस्तू कोठे आहे, हे यंत्र सांगू शकते. ती कोठवर राहावयाची, हे लिहिणारासच ठाऊक असते. जे यंत्रास कळते, ते पडताळ्यासाठी वापरावे. जे त्यास कळत नाही, ते लिहून ठेवावे. निवेदन काढून टाकून केवळ ओळखीवर विसंबलो, तर तुलनेची एक बाजूच नाहीशी होते, आणि चुकीविरुद्ध साक्ष देण्यास कोणीही उरत नाही.