एका चुलीचे घर

जनगणनेचा कर्मचारी घरी येतो, तेव्हा तो कुटुंब कसे मोजतो हे तुम्हांला ठाऊक आहे काय? जी माणसे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेले जेवतात, त्यांचे एक कुटुंब, अशी त्याची साधी कसोटी असते. एका वाड्यात तीन भाऊ राहत असतील, पण तीन ठिकाणी स्वयंपाक होत असेल, तर त्याच्या वहीत तीन कुटुंबे लिहिली जातात. भाऊ वेगळे झाले की मराठीत 'चूल वेगळी झाली' असे म्हणतात. उर्दूतही चूल्हा अलग झाला असेच आपण म्हणतो. दोन्ही भाषांनी घराची खूण म्हणून चूलच निवडली आहे.

ज्याला तुम्ही 'मुश्तरका खानदान' म्हणता, त्याला मराठीत एकत्र कुटुंब म्हणतात. आईवडील आणि त्यांची मुले एवढ्यांचेच घर असेल, तर ते विभक्त कुटुंब. आता अशी लहान कुटुंबे वाढत आहेत. 2001 च्या जनगणनेत आपल्या देशात एका कुटुंबात सरासरी 5.3 माणसे होती. 2011 मध्ये ती 4.9 झाली. यामागची कारणे तुम्हांला घराजवळच सापडतील. शेताचे वाटे पडत गेले. एक भाऊ नोकरीसाठी अकोल्याला गेला, दुसरा पुण्याला. जुन्या घराच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. सगळ्याच चुली भांडणातून वेगळ्या होतात असे नाही.

एकत्र कुटुंबात सगळे सुखच होते, असे समजू नका. तेथे धाकट्या सुनेला फारसे बोलता येत नसे आणि पैशाचा हिशोब एकाच्याच हाती असे. पण तेथे एक सोय होती. हात पुष्कळ होते. एकीने पीठ मळावे, दुसरीने भाकरी थापाव्या, दादीने तान्ह्याला मांडीवर घ्यावे, चाचाने बाजार आणावा. घर लहान झाले, तेव्हा माणसे कमी झाली. कामे मात्र त्या प्रमाणात कमी झाली नाहीत. मूल एक असो की चार, त्याच्याजवळ कोणीतरी थांबावेच लागते. मग ते उरलेले काम कोणाच्या वाट्याला गेले?

आपल्या पातूरमधील एका घराची कल्पना करा. वडील अकोल्याच्या एका दुकानात काम करतात. सकाळी आठची बस पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. आई आशा स्वयंसेविका आहे. ही योजना 2005 साली सुरू झाली. गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, त्यांना प्रसूतीसाठी रुग्णालयात नेणे, बाळाला लस मिळाली की नाही हे पाहणे, अशी आशाची कामे असतात. घरात नववीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि तीन वर्षांचा धाकटा आहे. दादी खेड्यातील जुन्या घरी राहते.

एके रात्री निरोप येतो. शेजारच्या वस्तीतील एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत. आई तिच्याबरोबर रुग्णालयात जाते आणि सकाळपर्यंत परत येत नाही. वडील चहा घेऊन बसस्थानकाकडे निघतात. मुलगा दप्तर उचलून शाळेत जातो. मुलगी मात्र घरी थांबते, कारण धाकट्याजवळ कोणीतरी हवे. त्या दिवशी तिची गणिताची चाचणी असते. तिला कोणी 'तू घरी राहा' असे सांगितलेले नसते. भावाला 'तू थांबतोस का?' असेही कोणी विचारलेले नसते. दोघांनाही ते आधीच ठाऊक असते.

आजच्या कुटुंबाविषयी लिहिताना 'स्त्री आता घराबाहेर पडली आहे' असे आपण सहज लिहितो. वऱ्हाडात तरी हे वाक्य अपुरे आहे. कापूस वेचायला, निंदणाला आणि खुरपणीला येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जात आल्या आहेत. बाहेरचे काम त्यांना नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, त्या बाहेर असताना घर सांभाळणारी जाऊ किंवा सासू आता घरात नाही. तिची जागा वडील किंवा मुलगा घेत नाही. ती जागा गुपचूप मोठ्या मुलीकडे सरकते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 आणि 2024 मध्ये देशभर पाहणी केली. सहा वर्षे व त्याहून मोठी माणसे दिवसाचे चोवीस तास कशी घालवतात, हे तिच्यात विचारले होते. 2019 मध्ये, पगाराशिवाय केले जाणारे घरकाम शंभरपैकी सुमारे 81 स्त्रिया करत होत्या आणि पुरुष केवळ 26. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातील सरासरी वेळ होता 299 मिनिटे आणि पुरुषाचा 97 मिनिटे. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी. पण पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली! बाकीचे गणित तुम्हीच करा.

कागदोपत्री मात्र बदल झपाट्याने होत आहेत. घरी जाऊन शिधापत्रिका, म्हणजे रेशन कार्ड, पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने या कार्डासाठी घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले आहे. वृद्ध आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला. त्यात ही जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही टाकली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले. कार्डावर कुटुंबप्रमुख असलेली बाई घरी सर्वांत शेवटी जेवते, हेही आपण पाहतो.

आता त्या घराकडे परत जाऊ. मुलीची चाचणी बुडाल्याचे रात्री वडिलांना कळले. ते थोडा वेळ गप्प बसले. नंतर चौघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत घेतात, म्हणून सातवीतल्या भावाने शाळेला जाताना त्याला तेथे सोडावे. नळाला पाणी येईल त्या दिवशी वडिलांनी लवकर उठून ते भरावे. आईला रात्री जावे लागले, तर दुसऱ्या दिवशी वडिलांनी उशिराची बस घ्यावी. अर्धा दिवस बुडाला तर पैसे कापले जातात, म्हणून हा शेवटचा निर्णय सोपा नव्हता. शेजारी दोन दिवस हसले. मुलाकडून तीनदा दूध उतू गेले. चौथ्यांदा तो चुलीजवळून हलला नाही.

तुम्ही एक करून पाहा. वहीच्या पानावर कालच्या दिवसातील घरची सगळी कामे लिहा : पाणी, केर, स्वयंपाक, भांडी, दळण, धाकट्यांचा अभ्यास, आजोबांचे औषध. प्रत्येक कामासमोर ते कोणी केले, त्याचे नाव लिहा. नंतर आणखी एक रकाना आखा आणि त्यावर लिहा, 'हे काम करायचे आहे, याची आठवण कोणी ठेवली?' पीठ संपत आले आहे, औषधाच्या दोनच गोळ्या उरल्या आहेत, उद्या धाकट्याची लस आहे, हे कोणाच्या लक्षात होते? पहिला रकाना तुम्ही एकटे भरू शकाल. दुसरा भरताना बहुतेकांना स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारावे लागेल.