पायांना फुटले पर!

अमेरिकेतल्या बॉस्टन गावाबाहेरचं एक तळं. काठावर एक मुलगा उभा आहे. वय असेल अकराच्या आसपास. दोन्ही हातांत त्याने दोन लाकडी फळ्या धरल्या आहेत. चित्रकार रंग कालवायला जी अंडाकृती फळी वापरतात ना, अगदी तशाच. दहा इंच लांब, सहा इंच रुंद, आणि अंगठा अडकवायला भोक! बघणाऱ्याला वाटावं, स्वारी चित्र काढायला निघालीय. पण छे! स्वारीने अंगरखा काढला आणि फळ्यांसकट पाण्यात उडी ठोकली.

हा मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. हो, तोच तो, पुढे मोठेपणी वीज आणि पतंगाचा प्रयोग करणारा. त्याचा जन्म 1706 चा, म्हणजे ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. घरी साबण आणि मेणबत्त्या बनवायचा धंदा, आणि बेंजामिनला वेड पाण्याचं. त्याचं डोकं नेहमी एकाच प्रश्नावर अडलेलं असायचं: बदक माझ्यापेक्षा इतकं लहान, मग ते माझ्यापेक्षा इतकं सहज कसं पोहतं?

उत्तर बदकाच्या पायात आहे, हे तुम्हीही सांगाल. बोटांच्या मध्ये कातडीचा पडदा. बेडकाचंही तसंच. आपल्याला देवाने असा पडदा दिला नाही, तर आपण तो लाकडाचा करू, असं बेंजामिनने ठरवलं. हात पुढे नेताना तो फळीची कड पुढे करायचा, म्हणजे ती पाणी कापत जाई. मागे ओढताना फळी सपाट धरायची, म्हणजे ती पाण्याला सपकन मागे रेटे.

जमलं का? जमलं! तो खरंच जास्त वेगाने पोहू लागला. पण थोड्याच वेळात मनगटं अशी भरून आली की विचारू नका. मग त्याने तळपायांना बांधायच्या सपाट वहाणाही करून पाहिल्या. त्या मात्र साफ फसल्या. पोहताना पाय नुसत्या तळव्याने नाही, तर पावलाच्या आतल्या बाजूने आणि घोट्यानेही पाणी रेटतो, हे त्याच्या लक्षात आलं. म्हातारपणी एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. स्वतःची फजितीसुद्धा! मला हा माणूस आवडतो तो यामुळेच.

आता तुम्ही म्हणाल, पोहायला मदत करणारी साधनं तर आमच्या गावातही आहेत. विहिरीत शिकताना पाठीला सुका भोपळा बांधतात, पांगाऱ्याचा ओंडका बांधतात, नाहीतर तेलाचा रिकामा डबा. बरोबर आहे. पण जरा थांबा. भोपळा तुम्हाला बुडू देत नाही, एवढंच. तो तुम्हाला पुढे ढकलत नाही. भोपळा बांधून हातपाय हलवले नाहीत, तर तुम्ही विहिरीच्या मधोमध तरंगत बसाल, काठावरचे हसत बसतील. तरंगवणारं साधन वेगळं आणि पुढे नेणारं वेगळं. आज आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल.

पुढे जायचं म्हणजे पाणी मागे ढकलायचं. न्यूटनचा तिसरा नियम, तुम्ही शाळेत घोकलेला. पण गंमत पुढे आहे. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, अनिलने एका सेकंदात 1 किलो पाणी सेकंदाला 4 मीटर वेगाने मागे फेकलं. 1 गुणिले 4, म्हणजे 4. सुनीलने तेवढ्याच वेळात 4 किलो पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने मागे रेटलं. 4 गुणिले 1, तेही 4. दोघांना पुढे जाण्यासाठी मिळणारा रेटा अगदी सारखा. पण दमलं कोण? ऊर्जेचा हिशोब वेगळा असतो. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचं निम्मं. सुनीलचे झाले 2 ज्यूल. अनिलचे? तब्बल 8! चौपट मेहनत आणि फळ तेवढंच.

म्हणजे शहाणपण कशात आहे? पुष्कळ पाणी हळू ढकलण्यात. आपल्या हाताचा पंजा आणि पाऊल एवढंसं असतं, म्हणून आपण अनिलसारखे थोडंसं पाणी जोरजोरात फेकत राहतो आणि लवकर दमतो. पाऊल मोठं झालं की आपण सुनील होतो.

मग फ्रँकलिनच्या वहाणा का फसल्या? त्याचं कारण त्याने सांगितलंच. पण मला आणखी एक वाटतं. कडक फळी पायाला बांधली तर पाय मागे नेताना ती पाणी रेटते हे खरं, पण पुढे आणताना तितकीच अडवते. हात मनगटातून फिरवून फळी कडेवर करता येते, पाऊल तसं फिरत नाही. माशाचं शेपूट बघा. ते लवचीक असतं. डावीकडे गेलं की त्याचं टोक मागे रेंगाळतं, उजवीकडे गेलं तरी रेंगाळतं. त्यामुळे ते तिरपं होतं, आणि दोन्ही वेळेला पाणी मागेच ढकललं जातं. एकही फटका फुकट नाही!

तर हवी होती ती लवचीक, चिवट, पाण्याने न कुजणारी वस्तू. लाकूड? नाही. चामडं? भिजून लिबलिबीत. ती वस्तू फ्रँकलिनच्या काळात नव्हतीच. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक मिसळून रबर तापवल्यावर ते टिकाऊ होतं हे सापडलं, तेव्हा फ्रँकलिनला जाऊन एकोणपन्नास वर्षं झाली होती. कल्पना तयार, पण माल नाही, असं शोधांच्या बाबतीत फार वेळा होतं बरं का.

त्यानंतरही पुष्कळ वर्षं गेली. फ्रेंच नौदलातला लुई द कोर्लिए नावाचा एक अधिकारी या गोष्टीच्या नादाला लागला. 1914 मध्ये त्याने आपल्या पायातले पर नौदलातल्या काही मंडळींना पोहून दाखवले. पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. गड्याने नाद सोडला नाही. पुढे त्याने या शोधापायी नौदलाची नोकरी सोडली आणि 1933 मध्ये पेटंट मिळवलं. नाव काय दिलं असेल? पोहण्यासाठी आणि जीव वाचवण्यासाठी पुढे नेणारं साधन, अशा अर्थाचं! बुडणाऱ्यापर्यंत लवकर पोचता यावं, हा त्याचा हेतू नावातच होता.

तिकडे अमेरिकेत ओवेन चर्चिल नावाचा एक शिडाच्या होड्यांचा शौकीन होता. (ब्रिटनच्या पंतप्रधान चर्चिलचा आणि याचा गोंधळ करू नका.) साधासुधा शौकीन नव्हे, 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला! तो पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर गेला असताना तिथले लोक पायात घरगुती पर घालून पोहताना त्याला दिसले. परत आल्यावर त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की असं पेटंट फ्रान्समध्ये आधीच कोणीतरी घेतलंय. मग त्याने द कोर्लिएकडून रीतसर परवानगी घेतली आणि 1940 मध्ये रबरी पर विकायला काढले. पहिल्या वर्षी किती जोड्या खपल्या? फक्त 946! दुकानदार बहुधा कपाळाला हात लावून बसले असतील.

पण दुसरं महायुद्ध सुरू होतं. शत्रूच्या किनाऱ्याजवळ गुपचूप पोहत जाऊन पाण्यात पुरलेले लोखंडी अडथळे सुरुंगाने उडवायचे, हे काम करणाऱ्या पाणबुड्या जवानांना हे पर म्हणजे वरदानच ठरले. जून 1944 मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा वाट मोकळी करणाऱ्या ब्रिटिश जवानांच्या पायात हेच होतं. लोक त्यांना 'बेडूकमाणसं' म्हणू लागले. डोक्यावरून गोळ्या सुसाटताहेत, गार पाण्यात हातात स्फोटकं, आणि पाय हलवले नाहीत तर लाट खडकावर आपटणार. तिथे सुनीलचे 2 ज्यूल आणि अनिलचे 8 ज्यूल हा वहीतला हिशोब राहत नाही, जगण्या-मरण्याचा होतो.

जीव वाचवण्यासाठी काढलेली वस्तू आधी लढाईत गाजली, हे द कोर्लिएला कसं वाटलं असेल कोण जाणे. आज मात्र समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक लाटांत शिरताना फिन्स घालतात, म्हणजे त्याचं म्हणणं शेवटी खरं झालं. आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीला गेलात, तर पर्यटकांना समुद्राच्या पोटात नेणाऱ्या प्रशिक्षकांच्या पायांकडे बघा. काळे, लांब, बदकासारखे पाय दिसतील. ते घालून जमिनीवर चालायचं असेल तर उलटं, पाठ पुढे करून चालावं लागतं. सरळ चाललं की फजिती ठरलेली!

याच्याही पुढची पायरी म्हणजे मोनोफिन. दोन पायांना मिळून एकच मोठं शेपूट, थेट मत्स्यकन्येसारखं. 1970 च्या दशकात तेव्हाच्या सोव्हिएत संघात हे साधन पुढे आलं. पाय एकत्र, हात पुढे ताणलेले, आणि पोटापासून अंगाची लाट करत जायचं. डॉल्फिनसारखं. आता आकडे ऐका. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलने 100 मीटर अंतर 46.40 सेकंदांत कापलं, तो नवा जागतिक विक्रम ठरला. मोनोफिन लावलेले उत्तम जलतरणपटू तेवढंच अंतर 35 सेकंदांच्या आत कापतात. खोलीचंही तसंच. एका श्वासात, काहीही न लावता न्यूझीलंडचा विल्यम ट्रूब्रिज 2016 मध्ये 102 मीटर खाली जाऊन आला. मोनोफिन लावून रशियाचा अलेक्सी मोल्चानोव 2021 मध्ये 131 मीटर. (हे दोघं वर्षानुवर्षं सराव केलेले, आणि भोवती मदतनीसांचा ताफा. तुम्ही तलावात श्वास कोंडून बघायचं नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा त्यात बेशुद्ध होऊन गेले आहेत.)

मग ऑलिंपिकमध्ये फिन्स का चालत नाहीत? कारण तिथला नियम सांगतो, वेग, तरंगणं किंवा दम वाढवणारं काहीही अंगावर नको. पडदेवाले हातमोजेसुद्धा नाहीत. एवढा कडक नियम असूनही एकदा पंचाईत झालीच. 2008 च्या सुमारास असे खास पोहण्याचे पोशाख आले की ते अंगाला आवळून बसत आणि पाण्याचा अडथळा कमी करत. 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम मोडले! माणूस जिंकला की कापड, हाच वाद. शेवटी 1 जानेवारी 2010 पासून ते पोशाख बंद झाले. मला विचाराल, तर बरं झालं. फिन्स घालून शर्यत लावायची असेल तर सगळ्यांनी घालून लावा, तशा वेगळ्या स्पर्धा आहेतच. पण लपूनछपून अर्धा मासा व्हायचं, हे काही खरं नाही.

आणि न घालता काय होतं, तेही बघा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहून त्यांनी सुवर्णपदक आणलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्या शर्यतींत कृत्रिम पाय किंवा हातही लावता येत नाही. जे आहे त्यावर पोहायचं.

बरं, घरी करण्यासारखं काही? आहे. बादली पाण्याने भरा. एक प्लॅस्टिकची ताटली पाण्यात आधी कडेवर धरून हलवा, मग सपाट धरून. फ्रँकलिनच्या मनगटांचं दुःख तुम्हाला लगेच कळेल. मग नुसता पंजा हलवा. बोटं घट्ट मिटून, मग ताणून, मग अगदी किंचित फट ठेवून. गंमत म्हणजे, शास्त्रज्ञांना असं दिसलंय की बोटांत जराशी फट ठेवलेली बरी. अरुंद फटीतून पाणी सहज निसटत नाही, आणि पंजा तेवढाच रुंद होतो.

तलावावर सरावासाठी हाताला लावायचे प्लॅस्टिकचे पॅडल मिळतात. ते फ्रँकलिनच्या फळीचे थेट वारस, आणि दुखणंही तेच! मोठे पॅडल लावून हट्टाने पोहत राहिलं तर खांदे धरतात. फिन्सही सुरुवातीला आखूड आणि मऊ घ्या, नाहीतर पोटरीत असा गोळा येतो की भर पाण्यात आई आठवते. आणि हो, पोहता येत नसताना फिन्स घालून खोल पाण्यात जायचं, हा विचारही नको. निसटले तर? सोबत पोहणारं मोठं माणूस हवंच.

जाता जाता फ्रँकलिनची एक गोष्ट राहिली. हाताच्या फळ्या झाल्या, पायाच्या वहाणा झाल्या, तरी पठ्ठ्याचं समाधान नव्हतं. एक दिवस तो तळ्याकाठी पतंग उडवत होता. गरम होऊ लागलं, तसा पतंग खुंटीला बांधून तो पाण्यात शिरला. मग वाटलं, दोन्ही मजा एकदम का घेऊ नयेत? दोरीची काठी हातात धरून तो पाण्यात उताणा पडला आणि पतंगाने त्याला अलगद ओढत पार पलीकडच्या काठाला नेलं. कपडे? ते मित्राने तळ्याला वळसा घालून आणून दिले! त्याच पत्रात तो पुढे लिहितो की अशा रीतीने इंग्लंडमधल्या डोव्हरपासून फ्रान्समधल्या कॅलेपर्यंत समुद्रही ओलांडता येईल. पण लगेच पुस्ती जोडतो, तरीसुद्धा बोटीने गेलेलं बरं.