नदीवरील मासेमारीचे रीळ

आपल्या बिंदुसरेच्या उथळ डोहातील लहान मासळीस वेळूची काठी व वावभर दोरा पुरे होतो. परंतु मोठा मासा लागला म्हणजे बांधील दोरा तुटतो, आणि तो बिचारा जीव तोंडात गळ घेऊन निघून जातो. धावत्या माशास दोरा सोडावा व तो थकल्यावर ओढून घ्यावा, ह्यासाठीच रिळाची योजना होय.

साध्या रिळाचे चक्र मुठीबरोबर एकदाच फिरते. प्रवाहात आमिष वाहू देण्यास ते उत्तम. दातेरी रिळात मुठीच्या एका फेऱ्यास चक्र अनेक फेरे घेते. मात्र आमिष पाण्यात पडताच अंगठ्याने चक्र न थांबविल्यास दोऱ्याचा असा गुंता होतो की, सारी संध्याकाळ तो सोडविण्यातच जावी! तिसरे स्थिर रीळ. आल्फ्रेड इलिंगवर्थ ह्या इंग्रज गृहस्थांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. ह्यात दोरा फेकताना चक्र फिरतच नाही, दोरा कडेवरून सुटत जातो. म्हणून हलके आमिषही दूर पडते. नवशिक्या मुलास पालकांनी हेच घेऊन द्यावे. त्याचा घसरणीचा स्क्रू मात्र असा बसवावा की, ताण येताच दोरा तुटण्यापूर्वी सुटू लागेल.