करकर नेमकी कुठून येते? शेतमाल वाहणाऱ्या पिकअपच्या पुढील सस्पेन्शनची तपासणी

म्हैसूरहून नंजनगूड व गुंडलुपेटमार्गे केरळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ पुढे बंडीपूर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. वन्यप्राण्यांच्या संरक्षणासाठी जंगलातील या टप्प्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीस बंदी आहे. तातडीची वाहने व मोजक्या बसगाड्या एवढाच त्याला अपवाद. भाजीपाला किंवा फुले घेऊन निघालेली पिकअप वाटेत बिघडली आणि वेळेत नाका गाठू शकली नाही, तर माल रात्रभर अडकून पडतो. अशा मार्गावर पुढच्या चाकाजवळून येणाऱ्या करकरीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. हा आवाज कधी निरुपद्रवी असतो, तर कधी मोठ्या बिघाडाची पूर्वसूचना. यांतील फरक ओळखण्याची पद्धत सोपी असून तिला फारसा खर्च येत नाही.

आवाज का होतो?

दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना क्षणभर चिकटतात व लगेच सुटतात. ही क्रिया अतिशय वेगाने घडत राहिली की आवाज निर्माण होतो. सारंगीची तार गजाने वाजते ती याच तत्त्वाने. पिकअपच्या पुढील भागात अशा जागा अनेक असतात. पाट्यांच्या रचनेत पाट्यांची टोके, शॅकल पिना आणि बुश, तर कॉइल स्प्रिंगच्या रचनेत आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर बारचे रबर. शेतरस्त्यांवरील बारीक माती या सांध्यांत शिरते, ग्रीस सुकते आणि करकर सुरू होते.

आधी ऐकावे, मग पाना हाती घ्यावा

आवाज केव्हा येतो, यावरून शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना येणारा आवाज बहुधा पाटे, बुश किंवा आर्मचा असतो. गाडी उभी असताना केवळ स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज आला, तर बॉल जॉइंट, किंगपिन किंवा स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. ब्रेक दाबताच आवाज बदलत असेल किंवा चाकाच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर दोष सस्पेन्शनपेक्षा ब्रेक अथवा बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. पावसात थांबणारी व उन्हात परतणारी करकर कोरड्या रबराकडे किंवा पाट्यांकडे बोट दाखवते. चालकाने या गोष्टी वहीत टिपून ठेवल्यास मेकॅनिकचा वेळ वाचतो.

पाण्याची कसोटी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व मागच्या चाकांना अडण लावावे. एकाने पुढील बंपर दाबून गाडी वरखाली हलवावी आणि दुसऱ्याने बाजूने कान द्यावा. मग फवारणीच्या लहान बाटलीतून एका वेळी एकाच सांध्यावर साधे पाणी मारावे व गाडी पुन्हा हलवावी. पाणी मारल्यावर आवाज काही मिनिटे थांबला, तर दोषाची जागा सापडली. एकदम सगळीकडे पाणी मारल्यास मात्र काहीच कळत नाही. बॉल जॉइंट रबरी टोपणात बंद असल्याने तेथे पाणी पोहोचत नाही. अशा वेळी जॉइंटच्या बाहेरील अंगावर बोटे हलकेच टेकवल्यास घर्षणाची थरथर हाताला जाणवते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत किंवा पाट्यांच्या फटीत बोटे कधीही घालू नयेत.

तेल ओतण्याची चूक

करकर ऐकू आली की जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने आवाज काही दिवस थांबतो. मात्र खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते आणि तेलावर धूळ चिकटून झीज वाढते. ग्रीस निप्पल असलेल्या पिनांना ग्रीसगनने जुने मळके ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस द्यावे. रबरी बुशसाठी गरज पडल्यास सिलिकॉन ग्रीस वापरावे. फाटलेला बुश बदलणे हाच उपाय. नवा रबरी बुश बसवताना बोल्ट अंतिमतः आवळण्यापूर्वी गाडी चाकांवर उतरवावी. गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळला, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

प्रवास थांबवण्याची वेळ

करकरीबरोबर ‘खट्’ असा आवाज येणे, स्टिअरिंग सैल वाटणे, टायर एका कडेने झिजणे किंवा बॉल जॉइंटचे टोपण फाटलेले दिसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. झिजलेला बॉल जॉइंट निखळल्यास चाक आडवे पडते व गाडीवरील ताबा सुटतो. पाट्याला तडा गेला असेल किंवा यू-बोल्ट ढिला असेल, तरीही गाडीत माल भरू नये. तपासणीसाठी गाडी उचलल्यास ती भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. बॉल जॉइंट किंवा आर्म बदलल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

मालाशी असलेला संबंध

केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून म्हैसूरमध्ये कार्यरत आहे आणि काढणीपश्चात नुकसान हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. या नुकसानीचा एक वाटा वाहतुकीत होतो. हादऱ्यांमुळे वरच्या थरातील फळे उसळून एकमेकांवर घासतात, तर तळातील फळे दाबाने चेपतात. जाम झालेले पाटे आणि निकामी शॉक ॲब्सॉर्बर रस्त्याचे हादरे शोषून न घेता मालापर्यंत पोहोचवतात. क्षमतेपेक्षा अधिक भार हे बुश व पाटे लवकर निकामी होण्याचे प्रमुख कारण आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका जादा खेपेची बचत त्यापुढे टिकत नाही.

टोमॅटो, द्राक्षे किंवा फुलांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांच्या बैठकीत ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी रिकामी पिकअप, पाण्याची बाटली, ग्रीसगन आणि एक अनुभवी स्थानिक मेकॅनिक पुरेसा आहे. गटातील प्रत्येक वाहनाची तपासणीची तारीख, सापडलेला दोष आणि बदललेला भाग यांची नोंद ठेवल्यास पुढील हंगामात कोणत्या गाडीकडे आधी पाहायचे, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येईल.