किनाऱ्यापलीकडचे मॉरिशस

आफ्रिका खंडाच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे, हिंदी महासागरात मॉरिशस हे बेट आहे. आकाराने ते रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही लहान आहे. मॉरिशस म्हटले, की पांढरी वाळू, निळे पाणी आणि किनाऱ्यावरची मोठमोठी हॉटेले डोळ्यांसमोर येतात. उत्तरेच्या ग्राँ बे या गावी तर पर्यटकांची सतत वर्दळ असते. अनेकजण आठवडाभर वाळूत लोळतात आणि तसेच परत जातात. पण या बेटाची खरी ओळख किनारा सोडून आत गेल्यावरच होते.

सुरुवात राजधानी पोर्ट लुईपासून करू. तेथे बंदराजवळ काही जुन्या दगडी पायऱ्या आहेत. या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. १८३५ साली मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. मग उसाच्या मळ्यांत राबायला माणसे कोठून आणायची? मळेवाल्यांची नजर भारताकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून येथे पोहोचले होते. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. त्यांना ‘गिरमिटिया’ म्हणत. ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे करार. या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. बहुतेक मजूर बिहारकडचे होते, तरी मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही गेली.

त्यांचे वंशज आज घरी क्रेओल भाषा बोलतात. तरीही तेथील शाळांत मुलांना उर्दू, मराठी, हिंदी, तमिळ अशा पूर्वजांच्या भाषांपैकी एक शिकता येते. म्हणजे तुमच्या दप्तरातल्या या दोन्ही भाषा समुद्रापलीकडे एकाच शाळेत ऐकू येतात! ईद आणि गणेश चतुर्थी या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईच्या भर बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेली जुम्मा मशीद आहे. बाहेर गाड्यांची गर्दी आणि आतल्या अंगणात बदामाच्या झाडाची शांत सावली!

शहर मागे पडले, की दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे मळे लागतात. मळ्यांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. नवख्या माणसाला वाटते, ही एखाद्या किल्ल्याची पडझड असावी. पण तसे नाही. हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झाले. त्यामुळे जमिनीत जिकडे तिकडे दगड होते. आधी गुलामांनी आणि नंतर मजुरांनी ते हातांनी उचलून बाजूला रचले, तेव्हा कोठे ऊस उभा राहिला. जाहिरातींच्या चित्रांत मात्र हे ढीग सहसा दिसत नाहीत.

नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंच डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या गुहांत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी देण्यासाठी शिपाई आले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे लोक सांगतात. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी आलिशान हॉटेले आहेत.

डोंगराच्या जवळच ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९४ साली स्थापन झाले. एके काळी जवळजवळ सगळे बेट असेच दाट अरण्य होते. डच, फ्रेंच आणि इंग्रज एकामागून एक आले. आबनूसाच्या लाकडासाठी आणि उसासाठी झाडे तुटली. उडता न येणारा डोडो पक्षी तर सतराव्या शतकातच नाहीसा झाला.

मॉरिशसचा छोटा ससाणाही त्याच वाटेवर होता. १९७४ साली रानात असे अवघे चार ससाणे आढळले. पुढे कार्ल जोन्स या वेल्सच्या संशोधकाने एक युक्ती केली. घरट्यातली अंडी काढून घेतली, की मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी त्याने यंत्रात उबवली, पिल्ले वाढवली आणि रानात सोडली. आज हे ससाणे काही शेकड्यांनी आहेत. या उद्यानाच्या कड्यांवर सकाळी थोडा वेळ थांबले, तर एखादा दिसतोही.