नकाशाच्या काठावरचे अंश

नकाशाच्या चौकटीवर बारीक आकड्यांत छापलेले अंश आणि मिनिटे सहसा कोणी वाचत नाही; तरीही नकाशावर दाखवलेली नदी, वाट किंवा गावाची शीव पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोठे आहे, हे नकाशा करणाऱ्याला न विचारता तपासून पाहण्याची सोय वाचकाला या आकड्यांमुळेच मिळते. काठावरची ही मोजपट्टी नसेल तर नकाशा सुंदर असू शकतो, उपयुक्तही असू शकतो, पण त्याच्याशी वाद घालता येत नाही. संगणकावर नकाशे करण्याची साधने सर्वत्र पोहोचली असताना ही मोजपट्टी मात्र उत्तरेचा बाण आणि सूची यांच्या पंक्तीला बसवून, काम संपताना घाईने जोडली जाते, ही काळजीची गोष्ट आहे. आणि म्हणूनच ती जोडणारी यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे.

अक्षांश-रेखांशांनी स्थान सांगण्याची कल्पना जुनी आहे. टॉलेमीने दुसऱ्या शतकात हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एकत्र नोंदवले होते, भारतीय ज्योतिर्गणितात मूळ रेखावृत्त उज्जयिनीवरून जात असे, आणि १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर ग्रीनिचचे रेखावृत्त हळूहळू सर्वमान्य झाले. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने या जाळीवरच आपल्या नकाशांची विभागणी केली: पुणे ज्या ४७ एफ या चौकोनात येते तो १८ ते १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ अंश पूर्व रेखांश यांमधला आहे, आणि १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे अशा चौकोनाचे १५-१५ मिनिटांचे सोळा तुकडे करून काढलेले असतात. या नकाशांत अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते हीच कागदाची हद्द असते, त्यामुळे तेथे मोजपट्टी नंतर जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

संगणकावर तो उद्भवतो, कारण तेथे चौकट कागदाच्या मापाने आखली जाते आणि पृथ्वी तिच्या आत नंतर बसवली जाते. क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेता येईल. गॅरी शर्मन यांनी २००२ साली अलास्कात ती लिहायला घेतली, २००९मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत छपाईची पाने मांडणारा तिचा विभाग, ज्याला प्रिंट लेआउट म्हणतात, नव्याने लिहिला गेला. या विभागात पानावर ठेवलेल्या नकाशाला ‘ग्रिड’, म्हणजे रेषांची जाळी, जोडता येते, आणि त्या जाळीला नकाशाहून वेगळी संदर्भप्रणाली देता येते. संदर्भप्रणाली म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरला आहे, तो सपाट कागदावर कोणत्या प्रक्षेपणाने उतरवला आहे आणि अंतरे मीटरमध्ये मोजली आहेत की अंशांत, यांविषयीचा एकत्रित करार होय. नकाशा एका कराराने चालतो आणि त्याच्या काठावरचे आकडे दुसऱ्या कराराने, ही गोष्ट पहिल्यांदा विसंगत वाटते. पण या यंत्रणेचे सारे सामर्थ्य तिच्यातच आहे.

पुणे शहराचा नकाशा बहुधा यूटीएम पद्धतीत केला जातो. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे ६० पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याचा स्वतंत्र सपाट आराखडा मांडतात. पुणे त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येते, ज्याचे मध्यवर्ती रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे. या आराखड्यात सर्व मापे मीटरमध्ये असतात, आणि मीटरची जाळी चौकटीला समांतर व काटकोनात बसते, कारण ती त्याच आराखड्याची असते. अंशांची जाळी तशी बसत नाही. प्रणालीला प्रथम चौकटीच्या कडा मीटरमधून अंशांत रूपांतरित करून नकाशात कोणते अक्षांश-रेखांश येतात हे शोधावे लागते. मग त्या मर्यादेत येणारी, समजा पाच-पाच मिनिटांच्या अंतरावरची, रेखावृत्ते एकेक घेऊन त्यांवरचे बिंदू छोट्या टप्प्यांनी मोजत, प्रत्येक बिंदू पुन्हा मीटरमध्ये उलटवावा लागतो. हे बिंदू जोडून झालेली रेषा चौकटीला कोठे छेदते ते काढावे लागते, आणि त्या छेदाशी आकडा लिहावा लागतो. वापरणाऱ्याला दिसते ती क्षणात उमटलेली जाळी. तिच्या मागे एकाच जागेची ही दुहेरी ये-जा शेकडो वेळा झालेली असते.

या खटाटोपाचे फळ डोळ्यांना दिसण्याइतके असते. मध्यवर्ती रेखावृत्तापासून दूर गेले की इतर रेखावृत्ते कागदावर कलतात, आणि हा कल रेखांशातील अंतराला अक्षांशाच्या ज्येने, म्हणजे त्रिकोणमितीतील साइनने, गुणले असता जवळजवळ नेमका मिळतो. पुण्याच्या जवळपास हे अंतर १.१५ अंश आणि अक्षांश १८.५ अंश आहे, म्हणून कल सुमारे २२ मिनिटांचा येतो. ३० सेंटिमीटर उंचीच्या पानावर रेखावृत्ताचे खालचे टोक वरच्या टोकापेक्षा जवळपास दोन मिलिमीटर डावीकडे पडते. हातात धारदार पेन्सिल असलेल्या आरेखकाला दोन मिलिमीटर क्षम्य नव्हते, आणि यंत्रणेनेही ते क्षम्य मानलेले नाहीत, ही तिच्याबद्दल आदर वाटावा अशी गोष्ट आहे.

आलटून-पालटून काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची जी चौकट प्रणालीत ‘झेब्रा’ नावाने मिळते, तिचे कूळ समुद्राच्या नकाशांत आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, म्हणून नावाड्याला कंपास उजव्या किंवा डाव्या काठावर टेकवून अंतर मोजता येते. वरच्या किंवा खालच्या काठावर मात्र नाही, कारण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरचा असला तरी पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे १०५.६ किलोमीटरच उरतो. आज ही चौकट केवळ देखणी म्हणून निवडली जाते, पण तिच्या उभ्या काठावर ते जुने काम अजूनही करता येते.

अडचणी सुरू होतात त्या एककांपासून. जाळीची संदर्भप्रणाली बदलली नाही तर ती नकाशाचीच राहते, आणि मग पाव अंशाच्या अपेक्षेने भरलेला ०.२५ हा आकडा पाव मीटर ठरून लाखो रेषांची मागणी करतो. ही चूक तरी लगेच दिसते. कललेल्या किंवा फिरवलेल्या नकाशात एखादे रेखावृत्त वरच्या काठाऐवजी बाजूच्या काठातून बाहेर पडते आणि अक्षांशांच्या रांगेत रेखांशाचा आकडा येऊन बसतो. त्यासाठी कोणत्या बाजूला कोणते आकडे दाखवायचे हे प्रत्येक काठाला वेगळे सांगावे लागते. महाराष्ट्राच्या नकाशाला आणखी एक पेच आहे: यूटीएमच्या दोन पट्ट्यांना विभागणारे ७८ अंशांचे रेखावृत्त विदर्भातून जाते, अमरावती एका पट्ट्यात आणि वर्धा-नागपूर दुसऱ्यात पडतात, आणि संपूर्ण राज्य एका पट्ट्याच्या आराखड्यात बसवायचे तर एका बाजूचा विपर्यास पत्करावा लागतो किंवा प्रक्षेपणच वेगळे निवडावे लागते. आकडे देवनागरीत हवे असतील तर ते लिहिण्याचे सूत्र स्वतः रचावे लागते. प्रणाली त्याला वाव देते, आणि मराठी नकाशांत त्याचा उपयोग अधिक व्हायला हवा.

सर्वांत गंभीर अडचण दिसतच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर उपग्रहाधारित साधने डब्ल्यूजीएस-८४ हा आकार मानतात. पहिल्याची विषुववृत्तीय त्रिज्या दुसऱ्यापेक्षा सुमारे ८६० मीटरने लहान आहे आणि दोघांचे केंद्रही एक नाही. त्यामुळे एकाच देवळाच्या कळसाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत काही सेकंदांनी वेगळे येतात, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आणले, पण जुन्या नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रती आजही अभ्यासात आणि कज्ज्यांत वापरल्या जातात. अशा प्रतीच्या चार कोपऱ्यांवर छापलेले आकडे डब्ल्यूजीएस-८४चे समजून संगणकाला दिले, तर पुढे जोडलेली जाळी त्या कोपऱ्यांवर अगदी चपखल बसते. चूक पकडण्यासाठी असलेली मोजपट्टी अशा वेळी चुकीच्याच बाजूने साक्ष देते, कारण तिला दिलेले आकडे आणि ती परत देते ते आकडे एकच असतात. ही तफावत उघड होते ती नकाशावरचा पूल किंवा रस्त्यांचा तिठा उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहिल्यावर.

म्हणून चौकटीखाली संदर्भप्रणालीचे नाव छापणे आवश्यक ठरते. क्यूजीआयएसला ते नाव नकाशावरून स्वतः वाचून पानावर लिहिता येते आणि नकाशाची प्रणाली बदलली तर मजकूरही बदलतो, मात्र जाळी जोडली म्हणून हा मजकूर आपोआप येत नाही; तो वेगळा मागावा लागतो, आणि नकाशाची व जाळीची प्रणाली भिन्न असेल तर दोन्हींची नावे द्यावी लागतात.