पस्तिशी ओलांडलेला खेळाडू: बोली लावायची की नाही?

ज्यांचा इअरफोन घरी राहिलाय किंवा ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलतानाची थोडी पाल्हाळ कापलीय, बाकी सगळं तसंच आहे.

भातकापणी उरकली की आमच्याकडे, पेण-रामवाडीच्या बाजूला, टेनिस बॉल क्रिकेटचं वारं सुटतं. गावोगावी प्रीमियर लीग आणि त्याआधी लिलाव. पैसे नाहीत, पॉईंट असतात. यंदा आमच्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालला होता: दादाला घ्यायचं का? दादा म्हणजे आमचा जुना कॅप्टन, वय ३९. दोन फायनल त्याने एकट्याने काढून दिल्यात. पण आता बाउंड्रीवरून त्याचा थ्रो दोन टप्प्यांत येतो. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून एक्सेल माझ्या गळ्यात आणि निर्णयही. तेव्हा म्हटलं, मोठ्या लीगमध्ये हे कसं ठरवतात ते आधी नीट बघूया.

पैसे कशाचे देतो आपण?

इथेच पहिली गफलत होते. बोली लावताना डोळ्यांसमोर खेळाडूने काय केलं ते असतं, पण पैसे जातात तो पुढे काय करणार यासाठी.

अमेरिकेतल्या बेसबॉलचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. अल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईससाठी ११ मोसमांत ४४५ होमरन मारले. त्या जोरावर २०११ च्या डिसेंबरमध्ये एंजल्स संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. नव्या संघात तो जुना पुहोल्स पुन्हा क्वचितच दिसला. शेवटी करार संपायच्या आधीच, मे २०२१ मध्ये, एंजल्सने त्याला मोकळं केलं. तरी ठरलेले पैसे मात्र त्यांना द्यावेच लागले.

का? कारण तिथे करार अनेक वर्षांचा असतो आणि रक्कम पक्की. खेळाडू थकला तर फटका संघाला. म्हणून तिकडे मोसम संपला की ‘किती पैसे’ यापेक्षा ‘किती वर्षं’ यावर जास्त भांडण होतं.

आयपीएलमध्ये उलटं

आपल्याकडे लिलावातली रक्कम एका मोसमाची. पुढच्या वर्षी नको असेल तर संघ सोडून देतो आणि खेळाडू परत लिलावात. म्हणजे वय वाढण्याचा धोका इथे खेळाडूच्या खांद्यावर.

रवींद्र जडेजा बघा. चेन्नईने त्याला २०२५ साठी १८ कोटींना ठेवलं. वर्षभरातच तो राजस्थानकडे गेला आणि रक्कम झाली १४ कोटी. तेव्हा तो ३७ ला टेकला होता. मग डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर या २० वर्षांच्या मुलाला १४.२० कोटी दिले. तोही डावखुरा फिरकी टाकणारा ऑलराउंडर. आंतरराष्ट्रीय सामना एकही नाही! एकाला काय केलं याचे पैसे, दुसऱ्याला काय करू शकेल याचे.

धोनीची गोष्ट आणखी वेगळी. पाच कॅलेंडर वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, हा नियम २०२५ साठी परत आला आणि चेन्नईने त्याला ४ कोटींत ठेवलं. २०२२ ला हीच रक्कम १२ कोटी होती. नाव तेच, भाव नियमाने ठरला.

आकडे फसवतात

आता आपला डोंबिवलीकर अजिंक्य रहाणे. २०२३ साठी चेन्नईने त्याला ५० लाखांच्या बेस प्राईसला घेतलं. वय ३४, शिक्का ‘संथ खेळतो’. त्याने १७२ च्या स्ट्राईक रेटने ३२६ धावा काढल्या आणि संघ विजेता झाला. पुढच्या वर्षी स्ट्राईक रेट थेट १२३. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात पहिल्यांदा नाव आलं तेव्हा कोणी हातच वर केला नाही. दुसऱ्या फेरीत कोलकाताने दीड कोटीला घेतलं आणि पुढे कॅप्टन केलं. त्या मोसमात ३९० धावा.

१७२, १२३, मग १४७ च्या आसपास. यात वय कुठे दिसतं सांगा? एका मोसमात जेमतेम १४ सामने. एवढ्या डेटावरून ‘संपला’ किंवा ‘परत आला’ म्हणणं म्हणजे दोन युजरवर ॲप टेस्ट करून लाँच करण्यासारखं.

दुसरा सापळा: ‘धोनी चाळिशीत खेळतो, मग आपला दादा का नाही?’ अरे, चाळिशीत जे टिकले तेच आपल्याला टीव्हीवर दिसतात. चौतिसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिलेले आता घरी बसून मॅच बघतात. ते मोजणीतच येत नाहीत.

मग दादाचं काय?

मी तीन रकाने केले. एक, पुढच्या आठ मॅचमध्ये त्याच्याकडून काय मिळेल? दोन, नाही जमलं तर नुकसान कोणाचं आणि किती? तीन, स्कोअरकार्डात न दिसणारं काय येतं? म्हणजे पोरांना फिल्डिंग लावून देणं, शेवटच्या ओव्हरला बॉलरच्या खांद्यावर हात ठेवणं. रहाणेला दीड कोटीत घेऊन कॅप्टन केलं, तो हाच तिसरा रकाना असावा असं मला वाटतं.

उत्तर निघालं: घ्यायचं, पण बेस प्राईसलाच. आयकॉन प्लेयर करायचं नाही. आठवणींसाठी जास्तीचे पॉईंट उडवले तर दोन चांगले बॉलर हातचे जातात.

हे ग्रुपवर टाकायच्या आधी मी रामवाडी स्टँडजवळ चहाला दादाला गाठून सांगितलं. तोंडावर सांगणं एक्सेलपेक्षा अवघड गेलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “आयकॉन नको रे, पण मला स्लिपला उभा कर. तिथे धावावं लागत नाही.”

तुमच्या संघात असा दादा असेल तर त्याला लिलावात कितीला घेतलंत, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!